आडनावांची वाटणी

मोठ्या यादीतली माणसे आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून गटांत विभागणे ही गर्दी हाताळण्याची जुनी आणि बिनखर्चाची रीत आहे. चार टेबले मांडायची, प्रत्येकावर ‘अ ते घ’, ‘च ते न’ अशी पाटी लावायची आणि यादीचे चार तुकडे करून चार कारकुनांच्या हाती द्यायचे. याला यंत्र लागत नाही, टोकन छापावे लागत नाही, आणि आपले आडनाव कोणी घरी विसरून येत नाही. मतदान केंद्राबाहेरचे मदतीचे टेबल, आरोग्य शिबिर, दाखले वाटप, परीक्षेचे हॉल तिकीट, नुकसानभरपाईची यादी, सगळीकडे हीच रीत चालते. तरीही ती पुष्कळदा फसते. एका टेबलाची रांग अंगणाबाहेर जाते आणि शेजारच्या टेबलावरचा कारकून बसून राहतो. कारण बहुतेक वेळा एकच असते: वाटणी करणाऱ्याने अक्षरे मोजलेली असतात, माणसे मोजलेली नसतात.

रायगडच्या किनाऱ्यावर हा प्रश्न चांगला कळतो. मुरुड तालुक्यातील आगरदांडा हे राजपुरी खाडीच्या काठचे बंदरगाव. समोरच्या तीरावर श्रीवर्धन तालुक्यातील दिघी, मधे फेरीबोट, आणि खाडीच्या तोंडाशी जंजिरा. मुरुड तालुक्याचा हा पट्टा आणि खाडीपलीकडचा श्रीवर्धन, दोन्ही सिद्दीच्या जंजिरा संस्थानात होते. संस्थान १९४८ साली विलीन झाले. कोळी, आगरी, कुणबी, कोकणी मुसलमान, सिद्दी, कातकरी असे अनेक समाज या किनाऱ्यावर शेजारी-शेजारी राहतात आणि प्रत्येकाची आडनावे वेगळ्या वाटेने आलेली आहेत. यादीची वाटणी करण्याआधी या वाटा माहीत असाव्या लागतात.

आडनावे कुठून आली

पहिला गट हुद्द्याचा आणि धंद्याचा. गावाचा कारभार पाहणारा पाटील; होडीवर हुकूम चालवणारा तांडेल आणि नाखवा; मुसलमान वस्तीत काझी, खतीब, मुकादम. हुद्दे गावोगाव होते, म्हणून ही आडनावेही गावोगाव आहेत. त्यातले पाटील तर आगरी, कोळी, मराठा, कुणबी अशा अनेक समाजांत सापडते. ज्या यादीत पाटील नाहीत अशी यादी रायगड जिल्ह्यात शोधावी लागेल.

दुसरा गट गावावरून पडलेल्या नावांचा: नांदगावकर, चौलकर, नागावकर, रोहेकर, दिवेकर. ही आडनावे बहुधा गाव सोडल्यावर चिकटतात. मुरुडात राहणाऱ्याला मुरुडकर म्हणून वेगळे काढण्याची गरज पडत नाही. तो मुंबईला गेला की पडते. याच किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्रायली कुटुंबांनी आडनावांची हीच रीत उचलली. केहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर ही ज्यूंची आडनावे म्हणजे रायगडचा नकाशाच आहे, आणि १९४८ नंतर त्यांतली अनेक कुटुंबे इस्रायलला गेली तरी ‘कर’ त्यांच्याबरोबर गेले. वाटणीच्या दृष्टीने हा गट सोयीचा आहे, कारण गावांची नावे सगळ्या अक्षरांवरून सुरू होतात आणि माणसे आपोआप पांगतात.

तिसरा गट कुळाचा: म्हात्रे, घरत, भोईर, ठाकूर, मोकल, मोरे, पवार, जाधव. कातकरी वस्त्यांवर वाघमारे, पवार, हिलम, मुकणे ही आडनावे वारंवार येतात. या गटात एकेका आडनावाखाली सबंध आळी किंवा सबंध पाडा असू शकतो.

शिवाय एकाच घराला एकाहून अधिक नावे असू शकतात. याचे मोठे उदाहरण खाडीपलीकडचेच आहे. पहिला पेशवा बाळाजी विश्वनाथ हा श्रीवर्धनचा. घराण्याचे आडनाव भट, वतन देशमुखीचे, आणि पुढे पद पेशव्याचे. वर्णक्रमाने लावलेल्या यादीत हे घराणे भ, द आणि प या तीन अक्षरांखाली सापडू शकते. आजच्या कागदांतही हे घडते. जंजिऱ्याच्या संस्थानिकांच्या नावात सुरुवातीला सिद्दी आणि शेवटी खान असे. तशा नावाची नोंद एका दप्तरात ‘स’खाली आणि दुसऱ्यात ‘ख’खाली गेली तर नवल नाही.

यादी कोणत्या क्रमाने येते

वाटणी करणाऱ्याच्या हाती येणारी यादी बहुतेक वेळा आडनावाच्या क्रमाने लावलेली नसते. मतदार यादीचेच पाहिले तर ती जागेप्रमाणे लावलेली असते: आधी यादी भाग, त्यात वस्तीनुसार विभाग, मग घर क्रमांक आणि शेवटी मतदाराचा अनुक्रमांक. त्यामुळे एका घरातली माणसे यादीत एकापाठोपाठ येतात आणि पडताळणीला ते बरे पडते. पण अनुक्रमांक माहीत नसलेला मतदार समोर उभा राहिला की हीच यादी पानापानाने चाळावी लागते. म्हणून मतदान केंद्रावरच्या मतदार सहाय्य कक्षात बीएलओजवळ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याजवळ, वेगळी शोधयादी ठेवण्याची निवडणूक आयोगाची पद्धत आहे. ती वर्णानुक्रमे असते, पण इंग्रजी वर्णानुक्रमे. मतदार आडनाव मराठीत सांगतो, बीएलओ ते मनात इंग्रजीत लिहितो आणि मग पान उलटतो.

दुसरी अडचण नावाच्या रकान्याची आहे. महाराष्ट्रातील जुन्या नमुन्यांत आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव असा क्रम असे. शाळेच्या हजेरीपटापासून मतदार यादीपर्यंत हाच. आधार कार्डावर मात्र पूर्ण नावाला एकच रकाना आहे. कोणी तो आडनावापासून भरला, कोणी स्वतःच्या नावापासून. पासपोर्टमध्ये आडनाव स्वतंत्र आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांसाठी राज्य सरकारने बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरवला आहे. म्हणजे पुढच्या पिढीच्या कागदांवर आडनाव चौथ्या जागी असेल. वेगवेगळ्या कागदांवरून एक यादी तयार केली आणि ती संगणकाला लावायला सांगितली, तर रमेश पाटील ‘र’मध्ये आणि पाटील सुरेश ‘प’मध्ये जातो, दोघे सख्खे भाऊ असले तरी. म्हणून वाटणीचे पहिले काम पाट्या रंगवण्याचे नसून आडनावाचा रकाना वेगळा काढण्याचे आहे. हे काम कंटाळवाणे आहे, हातानेच करावे लागते, आणि ते टाळले की पुढचे सगळे चुकते.

दोन लिप्या, दोन क्रम

वाटणी देवनागरी क्रमाने करायची की रोमन, हे आधी ठरवून घ्यावे लागते. दोन्हींचे परिणाम वेगळे आहेत. रोमन लिपीत अक्षरे २६. राज्य सरकारच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाप्रमाणे मराठी वर्णमालेत ५२ वर्ण आहेत. रोमन क्रमात ठाकूर, तांडेल, टेमकर आणि थळे एकाच ‘टी’खाली येतात, देवनागरीत ते ठ, त, ट आणि थ अशा चार जागी पांगतात. शिंदे आणि सावंत रोमनमध्ये ‘एस’खाली एकत्र, देवनागरीत श आणि स वेगळे. भोईर ब पासून, घरत ग पासून, खतीब क पासून सुटतात. गर्दी पांगवण्याच्या कामी देवनागरी वरचढ आहे.

रोमन लिपीचा खरा त्रास वेगळाच आहे. मराठी आडनाव रोमनमध्ये कसे लिहायचे याला नियम नाही, घराघराची सवय आहे. वाघ आणि वाघमारे कोणी ‘व्ही’ने लिहितो, कोणी ‘डब्ल्यू’ने. फडके ‘पी’मध्येही सापडतात आणि ‘एफ’मध्येही. झगडे ‘झेड’ने आणि ‘जे’ने. काझी ‘के’ने लिहितात, ‘क्यू’नेही. यातली ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ ही अक्षरे शेजारी असल्याने ती एका टेबलावर ठेवली की काम भागते. मधे रेघ मारली की वाघमाऱ्यांचे कुटुंब दोन टेबलांत विभागले जाते. ‘एफ’ आणि ‘पी’, ‘जे’ आणि ‘झेड’, ‘के’ आणि ‘क्यू’ यांच्यात मात्र बरेच अंतर आहे. तिथे दुसऱ्या टेबलावर नाव सापडेल, हे कारकुनाला आधी सांगून ठेवावे लागते.

सारख्या उच्चाराची नावे एकत्र आणण्यासाठी अमेरिकेत रॉबर्ट रसेल याने १९१८ साली साउंडेक्स नावाच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि पुढे तिथल्या जनगणनेच्या याद्यांना ती लावली गेली. तिच्यात पहिले अक्षर तसेच ठेवून पुढच्या व्यंजनांना अंक देतात. पण मराठी आडनावांचा घोळ नेमका पहिल्याच अक्षरात असतो. ‘डब्ल्यू’ने लिहिलेल्या वाघाला डब्ल्यू-२००, आणि ‘व्ही’ने लिहिलेल्या वाघाला व्ही-२००, पुढचे अंक सारखे, जागा वेगळ्या. साउंडेक्सचा इथे उपयोग मर्यादित आहे.

देवनागरी क्रमातही दोन-तीन जागा जपाव्या लागतात. मराठीत ळ हा ह नंतर येतो. पण संगणकाच्या युनिकोड तक्त्यात तो ल नंतर आणि व आधी आहे. त्यामुळे मराठी रीतीने लावलेल्या यादीत आधी सावंत आणि नंतर साळवी. नुसत्या तक्त्याच्या क्रमाने लावलेल्या यादीत आधी साळवी आणि नंतर सावंत. मराठी वर्गवारी निवडली नाही तर संगणक दुसरा क्रम देतो, आणि छापील यादीत बोट सावंतांच्या पुढे नेऊन साळवी शोधणारा कारकून ‘नाव नाही’ म्हणून मोकळा होतो. जोडाक्षरांचेही असेच. म्हात्रे हे देवनागरीत माने, मोकल, मोरे यांच्याही नंतर, म च्या अगदी शेवटी येतात. रोमनमध्ये माने झाले की लगेच म्हात्रे आणि मग मोकल. म अक्षर मधोमध कापायचे ठरले तर म्हात्रे कोणत्या बाजूला गेले हे लिपीवर अवलंबून आहे. क्षीरसागर मराठी कोशांच्या रीतीने सर्वांत शेवटी शोधायचे असतात. हिंदी रीतीची यादी असेल तर ते ‘क’मध्ये बसलेले असतात.

वाटणी कशी करावी

मराठी माणसाला सुचणारी पहिली वाटणी वर्गांची असते: स्वर एकीकडे, मग कवर्ग, चवर्ग, टवर्ग, तवर्ग, पवर्ग आणि शेवटी य पासून पुढे. शाळेत पाठ केलेली असल्याने ती नीटनेटकी वाटते. रायगडात ती हमखास फसते. प, फ, ब, भ, म या पवर्गात पाटील, पवार, परब, भोईर, भगत, म्हात्रे, मोकल, मोरे, मुकादम असे सगळे एकत्र येतात. टवर्गाकडे ठाकूर सोडले तर फारसे कोणी फिरकत नाही. दोन टेबले समोरासमोर असतील तर पवर्गाच्या रांगेतली माणसे टवर्गाच्या मोकळ्या खुर्चीकडे बघून संतापतात, आणि ते रास्तच असते.

योग्य रीत मोजणीची. आधी यादीतल्या प्रत्येक अक्षराखाली किती माणसे आहेत ते मांडायचे. हातात कागद असेल तर पाच-पाच रेघांचे जुडगे, संगणक असेल तर एका सूत्राचे काम. मग अ पासून बेरीज करीत जायचे. एकूण माणसांना टेबलांच्या संख्येने भागायचे, आणि चालू बेरीज त्या आकड्याच्या जवळ येईल तिथे रेघ मारायची. समजा, यादीत १,२०० नावे आहेत आणि टेबले चार आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला ३०० यायला हवीत. अ ते घ मिळून २९०, च ते न मिळून ३१०, प एकट्यात २८० आणि फ ते ज्ञ मिळून ३२० निघाले, तर ही वाटणी उत्तम आहे, जरी तिसऱ्या टेबलाच्या पाटीवर एकच अक्षर असले तरी. पाटीवर एकच अक्षर पाहून ‘या टेबलाला कमी काम’ असे म्हणणारा अधिकारी एखादा तरी भेटतो. त्याला मोजणीचा कागद दाखवावा.

एकच अक्षर टेबलाच्या आवाक्याबाहेर गेले तर ते आतून फोडावे लागते. प फोडताना ‘प ते पा’ आणि ‘पि ते पौ’ असे करून भागत नाही, कारण भार ‘पाटील’वरच असतो. तिथे ‘फक्त पाटील’ अशी स्वतंत्र पाटी आणि बाकीचा प शेजारच्या टेबलाला, हे सोपे पडते. पाटलांची संख्या आणखी मोठी असेल तर पाटलांची वाटणी स्वतःच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर करतात. ग्रंथालयांत हाच प्रश्न पुस्तकांच्या बाबतीत आला होता. चार्ल्स अमी कटर या अमेरिकन ग्रंथपालाने लेखकांच्या आडनावांसाठी जो तक्ता केला, त्यात ज्या अक्षरसमूहांची नावे जास्त त्यांना अंकांची जागा जास्त दिली. तत्त्व तेच: जागा अक्षराला द्यायची नसते, त्याच्याखालच्या गर्दीला द्यायची असते.

पाटी कशी लिहावी यालाही महत्त्व आहे. ‘च ते न’ अशी पाटी वाचून आपला ठ त्यात येतो की नाही हे सांगायला मुळाक्षरे ओळीने म्हणावी लागतात. रांगेत उभ्या माणसाकडून, विशेषतः शाळा सोडून अर्धे आयुष्य लोटलेल्या माणसाकडून, ती अपेक्षा धरणे चूक आहे. पाटीवर सगळी अक्षरे लिहावीत, आणि त्यांच्याखाली त्या टेबलावरची मोठी आडनावे: जाधव, ठाकूर, तांडेल, नाखवा. माणूस अक्षर शोधत नाही, आपले आडनाव शोधतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी फाटकाशी एक जाणता माणूस उभा करावा. तो गावातला असला तर चेहरा पाहूनच टेबल दाखवतो, आणि अर्धे काम तिथेच संपते.

नावाला नाव

वाटणी कितीही चांगली झाली तरी एका आडनावाखाली अनेक माणसे आणि एका पूर्ण नावाखालीही एकाहून अधिक माणसे राहतातच. रायगड लोकसभा मतदारसंघात याचा झटका २०१४ साली सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांचा २,११० मतांनी पराभव केला. त्याच निवडणुकीत सुनील तटकरे हेच नाव असलेल्या एका अपक्ष उमेदवाराला ९,८४९ मते पडली होती. तिथे उमेदवार मोजकेच होते आणि प्रत्येकापुढे चिन्ह होते. गावच्या यादीत माणसे शेकड्यांनी असतात आणि चिन्ह कोणाचेच नसते.

म्हणून आडनाव हे फक्त टेबलापर्यंत नेणारे साधन मानावे. माणूस ओळखण्यासाठी दुसरी खूण लागते. वडिलांचे नाव, वय, घर क्रमांक, मतदार ओळखपत्राचा क्रमांक यांपैकी दोन खुणा जुळल्याशिवाय नावापुढे खूण करू नये. बंदरावर हे शहाणपण आधीपासून आहे. मासेमारी नौकेची ओळख मालकाच्या नावाने नव्हे, तर भारत आणि महाराष्ट्राची आद्याक्षरे पुढे लावलेल्या नोंदणी क्रमांकाने होते, आणि तो नौकेवर रंगवलेला असतो. तशी खूण माणसाच्या कपाळावर नसते, म्हणून त्याला विचारावे लागते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यावर आदळले आणि मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा भागातली घरे व नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. अशा आपत्तीनंतर पंचनामा होतो, त्यावरून लाभार्थ्यांची यादी होते, आणि मदत बँक खात्यात जमा होते. इथे तीन कागदांवरची नावे जुळावी लागतात: घरपट्टीचे किंवा सातबाऱ्याचे, आधारचे आणि बँकेचे. घर आजोबांच्या नावावर, आधारवर आडनाव शेवटी, बँकेत रोमन लिपीत वेगळे स्पेलिंग, असे झाले की एकच माणूस तीन माणसांसारखा दिसतो. सातबारा ऑनलाइन शोधताना गट क्रमांकाबरोबरच पहिले नाव, मधले नाव किंवा आडनाव यांवरून शोधण्याची सोय आहे ती यासाठीच. नुसते ‘पाटील’ टाकून शोधणाऱ्यासमोर भलीमोठी यादी उघडते. मधले नाव टाकणाऱ्याचे काम लवकर होते.

टेबलावरची बायकांची रांग

आडनावाच्या वाटणीत सर्वांत जास्त अडतात त्या विवाहित स्त्रिया. टेबलावरचा संवाद ठरलेला असतो.

“मावशी, आडनाव काय?”

“माहेरचं का सासरचं?”

“यादीत जे असेल ते.”

“ते तूच बघ ना बाळा, मला काय ठाऊक!”

मावशींचा प्रश्न बरोबर असतो. रेशन कार्डावर सासरचे आडनाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे, मतदार यादीत कधी दोन्ही गावांत एकेक. दिघीची मुलगी लग्न करून खाडी ओलांडून आगरदांड्याला आली की तिचे तालुक्याचे नाव बदलते, विधानसभेचा मतदारसंघ बदलतो आणि वर्णक्रमातली जागाही बदलते. कागद मात्र सगळे एकाच वेळी बदलत नाहीत. २०२४ च्या जुलैत ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज सुरू झाले. २१ ते ६५ वयाच्या पात्र स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये देणारी ही योजना. तिच्यासाठी राज्यभर सेतू केंद्रांवर रांगा लागल्या, आणि दोन कागदांवरच्या दोन नावांचा प्रश्न घरोघर पोहोचला.

याच्या मुळाशी जुनी गोष्ट आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीआधी मतदार याद्या तयार होत असताना अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी न स्वीकारण्याचे ठरवले आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गेली. त्यातल्या बहुतेक उत्तर भारतातल्या होत्या. महाराष्ट्रात प्रश्न उलट बाजूने दिसतो: वयस्क बाई स्वतःचे नाव सांगते, पण नवऱ्याचे नाव घ्यायला लाजते आणि ते शेजारणीकडून वदवून घेते. टेबलावर स्त्री कार्यकर्ती किंवा अंगणवाडी सेविका असली की ही अडचण राहत नाही. तिला दोन्ही आडनावे तोंडपाठ असतात.

यावर उपाय साधा आहे. यादीत विवाहितेचे नाव दोन्ही आडनावांखाली घ्यावे आणि एका जागी ‘पाहा’ अशी खूण करून दुसरी जागा दाखवावी. शब्दकोशात करतात तसे. शिवाय चार टेबलांपलीकडे एक पाचवे टेबल असावे, ‘नाव सापडत नाही’ असे. तिथे सगळी यादी, दोन्ही लिप्यांत, आणि सर्वांत अनुभवी माणूस बसवावा. हे टेबल नसले तर न सापडलेली माणसे चारही रांगांत पुन्हा-पुन्हा उभी राहतात आणि नीट चाललेल्या रांगाही खोळंबतात.

वाडी की अक्षर

गावात गर्दी विभागण्याची याहून सोपी रीत सगळ्यांना माहीत असते: वाडीप्रमाणे बोलावणे. सकाळी कोळीवाडा, मग मोहल्ला, मग आळ्या, शेवटी डोंगराकडचा पाडा. यादी घर क्रमांकाने असल्यामुळे हे सोयीचेही पडते. पण या किनाऱ्यावर वाडी म्हणजे पुष्कळदा एक समाज. वाडीवार रांग लावली की समाजवार रांग लागते, आणि शेवटी बोलावलेला पाडा दरवेळी तोच असतो. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला; नाव बदलले तरी बोलावण्याचा क्रम बदलला नाही तर फरक थोडाच पडतो.

अक्षराची वाटणी इथे उजवी ठरते. ‘प’च्या रांगेत आगरी पाटील, कोळी पाटील, मराठा पवार आणि कातकरी पवार एकामागे एक उभे राहतात. ‘म’मध्ये म्हात्रे, मुकणे आणि मुकादम. अक्षर कोणाची ओळख ठेवत नाही. आडनावावरून जात ओळखण्याची सवय असलेल्या समाजात त्याच आडनावाचे पहिले अक्षर जात पुसायला उपयोगी पडते.

अक्षरांचाही पक्षपात असतो, फक्त तो वेगळा. एकाच टेबलावर अ पासून पुकारत गेले तर हिलम आणि क्षीरसागर नेहमी शेवटी येतात. शाळेच्या हजेरीपासून ते चालत आलेले असते. लिरान आयनाव आणि लीट यारीव या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवून दिले की अमेरिकेतल्या आघाडीच्या अर्थशास्त्र विभागांत वर्णक्रमात पुढे असलेल्या आडनावांच्या प्राध्यापकांना कायम नेमणूक मिळण्याची शक्यता जास्त होती. त्या विषयात सहलेखकांची नावे वर्णक्रमाने छापतात. मानसशास्त्रात तशी प्रथा नाही, आणि तिथे हा फरक आढळला नाही. आगरदांड्याच्या टेबलावर कोणाची नोकरी ठरत नाही, पण दुपारची फेरीबोट चुकते किंवा दिवसाचा रोज बुडतो. म्हणून एकाच टेबलावर पुकारा असेल तर सुरुवातीचे अक्षर दरवेळी बदलावे किंवा चिठ्ठी टाकून ठरवावे. टेबले एकाच वेळी चालू असतील तर हा प्रश्न उरत नाही.

आडनाव टाळून अंकांवर जाण्याचाही मार्ग आहे. पनामा देशात २०२० च्या कोविड टाळेबंदीत स्त्रियांना आणि पुरुषांना वेगवेगळे वार ठरवून दिले होते आणि बाहेर पडण्याची वेळ ओळखपत्राच्या शेवटच्या अंकावरून ठरत असे. शेवटचा अंक ० ते ९ मध्ये जवळजवळ समान पसरतो, त्यामुळे मोजणी न करताही वाटणी सारखी होते, आणि पाटलांचे वेगळे टेबल लागत नाही. पण त्यासाठी ओळखपत्र हातात हवे आणि अंक वाचता यायला हवा. शिवाय एका घरातली माणसे वेगवेगळ्या रांगांत जातात. म्हाताऱ्या सासूला घेऊन आलेली सून एका टेबलावर आणि सासू दुसऱ्यावर, हे गावात चालत नाही. आडनावाने घर एकत्र राहते.

गावच्या कामाला आडनावाचीच वाटणी योग्य आहे, फक्त ती आदल्या दिवशी यादी समोर ठेवून, मोजून करावी. आडनावाचा रकाना वेगळा काढा, लिपी एक ठरवा, अक्षराखालची माणसे मोजा, पाटीवर आडनावे लिहा आणि पाचवे टेबल विसरू नका. एका गावासाठी केलेली वाटणी दुसऱ्या गावाला लावू नका. आगरदांड्याचा हिशेब खाडीपलीकडच्या दिघीलाही तसाच लागू पडेल असे नाही.